बिनधुराचा कोळसा

आमच्या केशोरी गावात कुणाच्या घरी बाळंतीण आली की तिसऱ्या दिवशी माझ्या दारात माणूस हजर व्हायचं. हातात रिकामं घमेलं. विचारायची गरजच नसायची. मी आत जायचे, माठाचं झाकण काढायचे आणि घमेलं भरून कोळसा द्यायचे.

बाजारात कोळसा मिळत नाही असं नाही. कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर पोत्यांनी येतो, त्यांचे तंदूर त्याच्यावरच चालतात. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारातून इस्त्रीवाले नेतात. पण तो कशाचा आहे आणि कसा विझवलाय, हे कुणी सांगावं? पाणी मारून विझवलेला कोळसा पुन्हा पेटवला की घाण वास सोडतो. अर्धवट जळालेला असला की धूर करतो. तेंदूचा असला तर तडतडतो, ठिणग्या उडवतो, आणि बाळंतिणीच्या खाटेखाली ठिणगी उडून कसं चालेल? म्हणून लोक माझ्याकडे यायचे. मी बाभळीचं लाकूड पुरतं जळू द्यायचे. लालभडक निखारा झाला की चिमट्यानं उचलून मातीच्या माठात टाकायचे, वर झाकण आणि झाकणाच्या कडेनं ओली माती. आत हवा गेली नाही की निखारा आपला आपण मरतो. दुसऱ्या दिवशी काढला की हातात बांगडीसारखा वाजतो. पेटवला की धुराची एक रेघ दिसत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. बायका म्हणायच्या, सुशीलाबाईचा कोळसा बिनधुराचा. मी वरवर 'काही तरीच तुमचं' म्हणायचे आणि आतून फुगायचे.

हे फुगणं मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते त्यातूनच झालं, उगाच दुसऱ्या कशावर ढकलायला नको.

माझ्या कोळशाचं सगळ्यात जास्त कौतुक शेजारच्या केवलरामबाबांना. ऐंशीच्या वर वय, उभं आयुष्य तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकण्यात गेलेलं, आणि तोंडात बावीस दात. रोज सकाळी कुंपणाशी येऊन ते माझ्याकडून कोळशाचा एक खडा मागायचे, तळहातावर चुरायचे आणि बोटानं दात घासायचे. मग काळं तोंड घेऊन माझ्याकडे बघून हसायचे. "पाह्य सुशीला, एक तरी हलून रायला का?" मी म्हणायचे, "बाबा, आधी तोंड धुवा, पोरं भिऊन रायली." त्यांची सून दुर्गेश्वरी आतून ओरडायची, "मामाजी, पुन्हा धोतरावर सांडलं ना!" गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. खाटेवरून उठणं संपलं. तरी दुर्गेश्वरी रोज येऊन तो खडा घेऊन जायची.

माझी मंजू पहिलटकरीण. सासर कोहमाऱ्याजवळ, जावई हिमांशु तिथंच ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात आणली. डिसेंबर सरता सरता तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. चाळीस वर्षं मी गावाच्या बाळंतिणी शेकल्या होत्या. आता माझी पाळी होती.

पण घर बदललेलं होतं. दोन वर्षांमागे आमचं घरकुल झालं. आधीचं मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. त्या घराला हजार नाकं होती. चूल पेटवली की धूर कवेलूंच्या फटींतून आरामात वर निघून जायचा, पावसाळ्यात त्याच फटींतून पाणी खाली यायचं. घरकुलात स्लॅब पडला. मंजूच्या बापानं हौसेनं सरकत्या काचांच्या खिडक्या बसवल्या. "आता थेंब येनार नाई आन् वाराबी येनार नाई," असं म्हणून ते गावभर सांगत सुटले. खरंच येत नव्हता.

आमच्या गावच्या आशा सेविका म्हणजे रविता. पोरीच्या वयाची, पण बोलायला धारदार. मंजू घरी आली त्याच दिवशी ती आली, खोलीत फिरून पाहिलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"काकू, ह्या खोलीत शेगडी लावायची नाई."

"काऊन? चाळीस वर्सं झाली लावून रायली मी."

"कवेलूच्या घरात लावली तुम्ही. इथं लावली तं कोळशाचा वायू आतच रायते. त्याले ना धूर ना वास. मानूस झोपते तं उठतच नाई. ट्रेनिंगमंदी सांगतलं आमाले."

"माझ्या कोळशाले धूर नाई म्हनून तं लोक नेतेत ना बाई."

"तेच तं सांगून रायली काकू! धूर असता तं मानूस खोकलत बाहेर तरी पडला असता." तिनं माझा हात धरून बाळाच्या पायावर ठेवला. "हिच्या पायाची शपथ घ्या."

मी शपथ घेतली. मनात म्हटलं, कालची पोरगी मला कोळसा शिकवते.

आठ दिवस मी शपथ पाळली. गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या, गोधड्या चढवल्या. नवव्या दिवशी मंजूचे बाबा बाहेरगावी गेलेले; सकाळी आभाळ आलेलं, तलावावरून बोचरा वारा सुटलेला. स्लॅबची खोली रात्रभर गारठून गेली होती. तेल लावून, न्हाऊ घालून दोघींना खाटेवर निजवलं तर मंजूचे दात वाजत होते. तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. "शेक देऊन रायल्या ना बाप्पा? आमच्याकडं म्हनतेत, सुशीलाबाईची पोरगी आहे, तिची काही चिंता नाई." मी म्हटलं, "हो तं, रोज देतो."

फोन ठेवला आणि मंजूकडे पाहिलं. ती म्हणाली, "माय, लाव ना थोडा वेळ. लई थंडी लागून रायली."

मी शेगडी भरली. छान, काळाभोर, वाजणारा कोळसा. अंगणात पेटवून लाल केला, खाटेखाली नेऊन ठेवला. खिडक्या ओढल्या. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून दाराखालच्या फटीत माझं जुनं लुगडं गुंडाळून लावलं. ही लुगड्याची सवय कवेलूच्या घरातली. तिथं दाराची फट बुजवली तरी वर हजार फटी उघड्या असायच्या. हात सवयीनं चालतो, डोक्याला विचारत नाही. अर्ध्या तासात काढते असं ठरवलं आणि बाळाची दुपटी धुवायला तलावावर गेले.

तलावावर बायका होत्या. त्यांनी विचारलं, नात रडते का? मी म्हटलं, "शेगडी लावली का पोरगी हूं की चूं करत नाई." असं म्हणाले मी, हसून. आणि दुपटी धुऊन झाल्यावरही तिथं बसून राहिले, कारण माझ्या नातीच्या नाकाची गोष्ट चालली होती आणि ती मला संपवायची नव्हती.

परत आले तेव्हा सव्वादहा झाले होते. दार ढकललं तर लुगड्यामुळे जड लागलं. आत ऊब होती, चांगली गोड ऊब. मंजू कुशीवर, बाळ तिच्या छातीशी. दोघींचे गाल लाल. मला वाटलं, किती छान झोपल्यात. मग मंजूच्या तोंडाखाली उशीवर ओकारी दिसली.

"मंजू! ए मंजू!"

हलवलं तर मान इकडची तिकडं गेली. बाळ उचललं तर ओल्या दुपट्यासारखं हातावर लोंबलं. मी किंचाळले ते गावाच्या त्या टोकाला ऐकू गेलं असेल. बाळाला अंगणात आणलं, मंजूला काखेत धरून फरफटत उंबऱ्यापर्यंत ओढली. श्वास चालू होता, दोघींचा. पण डोळे उघडत नव्हत्या.

आणि मग मी जे केलं ते ऐका. पोरगी उंबऱ्यात पडलेली, नात अंगणातल्या खाटल्यावर, आणि मी आत गेले शेगडी काढायला. रविताचं घर चार घरं पलीकडे. माझी किंकाळी ऐकून ती निघाली असणार आणि तिला शेगडी दिसायला नको होती. पदरानं धरून शेगडी उचलली, मागच्या दारानं कुंपणाशी नेली. दुर्गेश्वरी तिकडून धावत येतच होती.

"का झालं काकू?"

"मंजूले भोवळ आली. हे घे, हे आधी तिकडं ने. ठेव तुझ्याकडं."

तिनं शेगडी घेतली. निखारे अजून अर्ध्याहून जास्त लाल होते. "बरं झालं," ती म्हणाली, "मामाजी सकाळपासून कुडकुडून रायले. त्यायच्या खाटेखाली ठेवतो आन् येतो."

त्यांचंही घरकुल, आमच्याच वर्षी झालेलं. तशीच खोली, तशाच काचा.

मी ऐकलं. नीट ऐकलं. 'नको, अंगणात ठेव, पाणी ओत' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर ती 'काऊन' म्हणाली असती, आणि त्या 'काऊन'चं उत्तर माझ्या दारात पडलेलं होतं. मी वळले. आत जाऊन फरशीवर उमटलेलं राखेचं कडं पायानं पुसलं. तोवर रविता दारात आली.

"शेगडी लावली व्हती का काकू?"

"नाई."

"खरं सांगा."

"पायाची शपथ घेतली ना मी!" असं ओरडले मी तिच्यावर. तिनं मंजूची नाडी धरली, माझ्याकडे पाहिलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

गाडीत एक डॉक्टर होता. त्यानं मंजूच्या बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला आणि म्हणाला, "ऑक्सिजन तो बराबर है, अट्ठानवे." बाळाच्या पायालाही लावला. तोही ठीक. मला एवढा धीर आला की काय सांगू. मी स्वतःला म्हटलं, पाहा, मशीन म्हणतं सगळं ठीक आहे. शेगडीनं झालेलंच नाही. अशक्तपणा असेल. रात्री दाळ जड झाली असेल. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो ते मला त्या गाडीत कळलं.

दवाखान्यात पोचायला साडेअकरा झाले. हिमांशु मोटारसायकलनं आमच्या आधी येऊन उभा होता. तो म्हणाला, "आई, तुम्ही होत्या ना जवळ?" मी मान हलवली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाहेरगावच्या. त्यांनी मंजूचा रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली, साखर तपासली. बाळाची टाच टोचली. काहीच सापडत नव्हतं आणि ते न सापडणं त्यांना खात होतं. त्या माझ्याकडे वळल्या.

"मावशी, आई आणि बाळ दोघी एकाच वेळी कशा बेशुद्ध होतील? काय खाल्लं होतं? काही औषध? कीटकनाशक कुठं जवळ होतं?"

"नाई बाई."

"खोलीत शेगडी होती? कोळसा, लाकूड, काही पेटवलं होतं?"

भिंतीवर घड्याळ होतं. अकरा चाळीस. रविता माझ्या उजवीकडे, हिमांशु समोर.

"नाई," मी म्हटलं.

रविता माझ्याकडे बघतच राहिली. मी खाली बघितलं. माझ्या डाव्या पायाच्या तळव्याची कड राखेनं पांढुरकी झाली होती. तो पाय मी दुसऱ्या पायामागे लपवला.

त्यानंतरचा एक तास मला आजही मिनिटामिनिटानं आठवतो. सलाईन लागलं. बाळाला झटका आला. इवलासा हात ताठ झाला आणि थरथरला. डॉक्टरीणबाई फोनवर गोंदियाच्या कुणाशी तरी बोलत होत्या, 'कारणच समजत नाहीये सर' म्हणत होत्या. गोंदियाला न्यायचं तर दोन तासांचा रस्ता, आणि रस्त्यात बाळ टिकेल का, याबद्दल त्या काही बोलत नव्हत्या. मी बाकावर बसून होते. तोंडात शब्द तयार होता, 'शेगडी'. तीन अक्षरं. चाळीस वर्षं तोच शब्द मी मिरवला होता. हिमांशु काय म्हणेल. विहीणबाई काय म्हणतील. ज्या बायका घमेलं घेऊन यायच्या त्या काय म्हणतील. पोरगी मरतेय आणि मी गावाचा विचार करतेय! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं, पण तोंड काही उघडत नव्हतं.

आणि त्या सगळ्याच्या मागे दुसरी शेगडी जळत होती. ती मला दिसत होती. केवलरामबाबांच्या खाटेखाली, काचा ओढलेल्या. मी तिच्याकडे बघत नव्हते, एवढंच.

पाऊण वाजता बाळाला दुसरा झटका आला. तोंडाला फेस आला. परिचारिका धावली आणि हिमांशु भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. एवढा उंच माणूस, तोंडावर हात धरून. मी उठले. डॉक्टरीणबाईंचा हात धरला.

"शेगडी व्हती बाई. मी लावली. दार-खिडक्या बंद केल्या. लुगडं लावलं फटीले. दीड-पावने दोन तास व्हती."

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडायला त्यांना वेळ नव्हता. "कोळशाचा वायू बोटाला लावतात त्या मशीनला फसवतो," एवढं म्हणाल्या आणि दोन मिनिटांत मोठा सिलिंडर आला. मंजूच्या तोंडावर घट्ट मास्क, बाळाच्या डोक्यावर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण, आणि सुसाट ऑक्सिजन. काम करता करताच त्यांनी विचारलं, "त्या खोलीत आता कोणी नाही ना?"

"नाई," मी म्हटलं. हे खरं होतं. त्या खोलीत कोणी नव्हतं.

इथं मी थांबले. मला कुणी थांबवलं नव्हतं. एक खरं बोलून मी इतकी रिकामी झाले होते की दुसरं काढायला अंगात जीव नव्हता. आणि खरं सांगायचं तर मी देवाशी घासाघीस करत होते. आधी माझी उठू दे, मग सांगते. आधी माझी.

हिमांशुनं माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला.

दीड वाजता मंजूनं डोळे उघडले. मास्कच्या आतून तिचे ओठ हलले. मी कान लावला.

"माय, पोरगी कोठं आहे माही?"

"आहे, आहे बाप्पा. इथंच आहे." बाळ रडलं. कर्कश, फाटक्या आवाजात, पण रडलं. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. सगळे हसायला, रडायला लागले. मी मात्र रविताचा दंड पकडला. माझी नखं तिला रुतली असतील.

"दुर्गेश्वरीले फोन लाव."

"काऊन?"

"लाव बाई! शेगडी तिच्याकडं दिली मी. बाबाच्या खाटेखाली आहे."

रविताचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्यांदा तिनं माझ्या हातात दिला, आणि तेव्हाच पलीकडून आवाज आला.

"हां काकू! राशनच्या दुकानात व्हती वो, आताच आली. मंजू कसी आहे?"

"दुर्गेश्वरी, बाबा कसे आहेत?"

"मामाजी? झोपून रायले. तुमच्या शेगडीनं गाढ झोप लागली त्यायले. बारा वाजता चहा घेऊन गेली मी, तं बोलले. डोकं दुखते म्हनत. मी म्हटलं पडा, दार ओढून देतो..."

"दार उघड! आधी दार उघड, खिडकी उघड, त्यायले बाहेर काढ!"

"काऊन काकू?"

आलंच ते 'काऊन'. सव्वादहाला जे टाळलं होतं ते दीड वाजता आलं. "शेगडीनं मंजू मरत व्हती!" मी दवाखान्याच्या ओसरीत बोंबलले. "शेगडीनं! जा तू!"

फोन तिनं बंद केला नाही, हातातच धरून धावली. मला चपलांचा आवाज आला. कडीचा आवाज. काच सरकल्याचा. मग तिचा आवाज, आधी रोजच्यासारखा, "मामाजी." मग जरा मोठ्यानं, "मामाजी, उठा ना. मामाजी?" मग भांडं पडलं, चहाचा कप असावा. मग "मामाजी" एवढंच, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी आवाज चढत गेला. मी फोन कानाला दाबून धरला होता. रविता तो ओढून घ्यायला बघत होती, मी देत नव्हते.

केवलरामबाबा गेले. गावानं म्हटलं, वय झालं होतं, अर्धांग होतं, त्यात ही थंडी. कुणीतरी असंही म्हटलं की झोपेत गेले, पुण्यवान माणूस. मंजू आणि बाळ आठवडाभर गोंदियाच्या दवाखान्यात राहिल्या. बाळाला काही राहून गेलंय का ते तिथल्या डॉक्टरांना अजून सांगता येत नाही; सहा महिन्यांनी या, म्हणाले. हिमांशु रोज तिथं होता, पण माझ्याशी बोलला नाही. मंजूला मी एवढंच सांगितलं की शेगडी माझी चूक होती, आणि डॉक्टरांनी ओळखलं. ती म्हणाली, "मीच तं म्हटलं होतं माय, लाव म्हनून." तिनं माझा हात धरला. मी धरू दिला.

घरी परतल्यावर मी माठ फोडला आणि सगळा कोळसा उकिरड्यावर टाकला. दोन दिवसांनी तो कुणीतरी वेचून नेला.

बाबांची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दुर्गेश्वरी आली. पदराखाली शेगडी होती. घासून, धुऊन, वरून मातीनं सारवून आणलेली. परक्याची वस्तू तशीच परत करायची नसते. तिनं ती ओसरीवर ठेवली आणि जवळ बसली. आतल्या खोलीत मंजू बाळाला थोपटत होती. दार उघडं होतं, खिडक्या उघड्या होत्या. आता त्या घरात कोणी काहीच बंद करत नाही.

दुर्गेश्वरीनं शेगडी जरा माझ्याकडं सरकवली. मग शेगडीच्या कडेवरून बोट फिरवत तिनं विचारलं, "काकू, तुमाले शेगडीचं किती वाजता आठवलं वो?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बारा वाजता बाबा तिच्याशी बोलले होते, डोकं दुखतं म्हणाले होते, आणि तिनं स्वतःच्या हातानं दार ओढलं होतं. गेले तेरा दिवस ती ते दार ओढत असणार. मी 'दीड वाजता' म्हटलं असतं तर तिनं मान हलवली असती. फोनमध्येही दीडच लिहिलेलं होतं. खोटं तयार होतं, जिभेवर येऊन बसलं होतं, आणि या वेळी मला पकडणारं कोणी नव्हतं.

"आठवलं नाई दुर्गेश्वरी," मी म्हटलं. "तू 'मामाजीच्या खाटेखाली ठेवतो' म्हनाली ना, तवाच मले माहीत व्हतं. डॉक्टरीननं अकरा चाळीसले विचारलं, तवाबी मी नाई म्हटलं. मंजूसाठीबी नाईच म्हटलं."

तिचं बोट शेगडीच्या कडेवर थांबलं. आत मंजूचं थोपटणंही थांबलं.